‘द मायटी मिसिसिपी’ मराठीत कशी आणायची?

विचारलंय ते थोडक्यात असं: इंग्रजीत मोठ्या नद्यांच्या नावाआधी ‘मायटी’ हा शब्द सारखा भेटतो. ‘द मायटी मिसिसिपी’, ‘द मायटी अ‍ॅमेझॉन’, नाहीतर नुसतं ‘अ मायटी रिव्हर’. शब्दकोश ‘शक्तिशाली, बलाढ्य’ असे अर्थ देतो. पण ‘बिग’, ‘लार्ज’, ‘ग्रेट’ असे सरळ शब्द हाताशी असताना नदीला हाच शब्द का लावतात, आणि मराठी करताना काय लिहायचं?

शब्दकोशाचं काही चुकलेलं नाही. तरीही ‘शक्तिशाली नदी’ लिहू नका. मी एकदा लिहिली होती.

भाषांतराच्या कामात नवी होते. एका माहितीपटाचं निवेदन मराठीत करत होते आणि पहिल्याच मिनिटाला ‘द मायटी मेकाँग’ आलं. मी बिनधास्त ‘शक्तिशाली मेकाँग नदी’ लिहून मोकळी झाले. आमच्या संपादकबाईंनी ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “किती हॉर्सपॉवरची आहे गं ही नदी?” मग मी ‘बलाढ्य मेकाँग’ केलं. त्यावर बाई म्हणाल्या, “आता ती कुस्तीला निघाली.” शेवटी ‘विशाल’वर तडजोड झाली, कारण रेकॉर्डिंगची वेळ झाली होती. ‘विशाल’ला कोणी हरकत घेतली नाही, पण मला ते पुढे कितीतरी दिवस खटकत राहिलं.

का खटकलं, ते त्या चित्रफितीतलं पुढचं दृश्य सांगितल्यावर कळेल. कंबोडियात नॉम पेन्हजवळ तोन्ले साप नावाची नदी मेकाँगला मिळते. वर्षातला बराच काळ ती आपल्या तळ्याचं पाणी मेकाँगमध्ये आणून सोडते. पावसाळ्यात मात्र मेकाँगला इतकं पाणी येतं की तोन्ले सापला ते रेटत मागे नेतं, आणि ती नदी चक्क उलटी, तळ्याच्या दिशेने वाहायला लागते. कोरड्या दिवसांत अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असलेलं तळं फुगून चार ते सहा पट होतं. पावसाळा ओसरला की प्रवाह पुन्हा सुलटा. निवेदकाने ‘मायटी’ म्हटलं होतं ते या करणीला. मेकाँग लांबलचक आहे, रुंद आहे, हे त्याला त्या क्षणी सांगायचंच नव्हतं. माझ्या ‘विशाल’ने नदीचं पात्र तेवढं दाखवलं, तिचा रेटा गाळून टाकला.

तर ‘मायटी’चं मर्म हे. ‘बिग’ नदीचं माप सांगतो, ‘मायटी’ नदी काय करते ते सांगतो.

शब्दाचं मूळही याला धरून आहे. ‘माइट’ म्हणजे बळ, सामर्थ्य. ‘इट माइट रेन’ या वाक्यातला ‘माइट’ आणि हा ‘माइट’ एकाच कुळातले. करू शकणं, ही त्या कुळाची मूळ कल्पना. एका फांदीवर तिचं बळ झालं, दुसऱ्या फांदीवर शक्यता. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘शक्’ धातूने नेमकं हेच केलंय: शक्ती, शक्य आणि ‘पाऊस येऊ शकतो’ मधलं शकणं, तिन्ही एकाच घरातली. म्हणजे शब्दकोशातला ‘शक्तिशाली’ व्युत्पत्तीने अगदी शेजारचा आहे. पण आजच्या मराठीत तो औषधांना, इंजिनांना, देशांना आणि लोकसभेतल्या गटांना चिकटलाय. शब्द कुठून आला यापेक्षा आता कोणाच्या संगतीत फिरतो, हे भाषांतरात जास्त महत्त्वाचं ठरतं.

इंग्रजीत ‘मायटी’ची संगत बघा. सैन्य, साम्राज्य, सिंह, समुद्र, जुना ओक वृक्ष, नदी. यातलं प्रत्येक जण कोणाला तरी रेटतं, दाबतं किंवा वादळाला छाती देऊन उभं राहतं. सपाट मैदान कितीही अफाट असो, त्याला सहसा ‘मायटी’ म्हणत नाहीत, ‘व्हास्ट’ म्हणतात. तळ्याचंही तसंच.

लांबीवरून हा मान मिळत नाही, हे नाइल आणि अ‍ॅमेझॉन शेजारी ठेवले की दिसतं. नाइल साधारण ६,६५० किलोमीटर, अ‍ॅमेझॉन ६,४०० च्या आसपास. या दोघींत खरी लांब कोणती, हा वाद आहेच. पाण्याचा मात्र वाद नाही. नाइलचा सरासरी प्रवाह सेकंदाला तीनेक हजार घनमीटरच्याही आत, अ‍ॅमेझॉनचा दोन लाखांच्या वर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेवढं पाणी देतात, त्याचा अंदाजे पाचवा हिस्सा एकटी अ‍ॅमेझॉन देते. सन १५०० मध्ये विसेन्ते यान्येस पिन्सोन हा स्पॅनिश दर्यावर्दी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळून जात होता. जमिनीपासून दूर, भर समुद्रात त्याला गोडं पाणी लागलं. त्याने त्या पाण्याला नाव दिलं त्याचा अर्थ ‘गोडा समुद्र’. नदी अजून नीट पाहिलेली नाही आणि तिने समुद्राची चव बदलून ठेवलीय. ‘द मायटी अ‍ॅमेझॉन’ म्हणताना इंग्रजी कानाला हे ऐकू येतं. जाता जाता, आपल्या ‘सिंधू’ शब्दात नदी आणि समुद्र दोन्ही अर्थ आहेत. पिन्सोनला तो शब्द ठाऊक असता तर त्याचं काम एका शब्दात झालं असतं.

आता कोणी म्हणेल, ‘द मायटी नाइल’ही म्हणतात की. म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. तिथे रेटा पाण्याच्या आकड्याचा नसतो. वाळवंटातून एकटी चालत येऊन एका संस्कृतीला हजारो वर्षं पोसणारी नदी, असा तो मान आहे.

बाकीच्या विशेषणांत अडकायचं कारण नाही, पण दोन ठिकाणी पाय घसरतो म्हणून सांगते. ‘मेजर रिव्हर्स’ हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द. त्याला ‘प्रमुख नद्या’ म्हणा आणि पुढे जा. ‘लार्ज रिव्हर’ जलशास्त्राच्या अहवालात येतो, तिथे ‘मोठी नदी’ पुरे. घसरगुंडी पुढे आहे. इंग्लंडच्या सरकारी कागदात ‘मेन रिव्हर’ आलं की ते वर्णन समजू नका, ती कायद्याची संज्ञा आहे. सरकारी नकाशावर ज्या प्रवाहांची तशी नोंद असते, त्यांच्या पूरनियंत्रणाचे अधिकार तिथल्या पर्यावरण संस्थेकडे असतात. नोंद नसलेले सगळे ‘ऑर्डिनरी वॉटरकोर्स’. एखादा ओढ्याएवढा प्रवाहसुद्धा ‘मेन रिव्हर’ असू शकतो. त्याला ‘मुख्य नदी’ म्हटलं की वाचकाची दिशाभूल होते. अशा वेळी मी ‘“मेन रिव्हर” म्हणून नोंदलेला प्रवाह’ असं लांबलचक लिहिते. दिसायला बेढब, पण खरं. दुसरी जागा ‘ग्रेट’ची. ‘ग्रेट ऊझ’ ही इंग्लंडमधली नदी थोर वगैरे काही नाही. तिच्याच भागात ‘लिटल ऊझ’ आहे, म्हणून ही ‘ग्रेट’. आपण थोरली आणि धाकटी म्हणतो, तेवढंच.

वापराबद्दल. ‘मायटी’ नावाआधी शोभतो. ‘द रिव्हर इज व्हेरी मायटी’ हे व्याकरणाने चालेल, पण कोणी असं बोलत नाही. नदीच्या नावाआधी इंग्रजीत ‘द’ लागतोच आणि ‘मायटी’ त्या दोघांच्या मध्ये बसतो: द, मायटी, मिसिसिपी. बहुतेकदा मग ‘रिव्हर’ शब्द गळून पडतो. ‘द मायटी मिसिसिपी रिव्हर’ चूक नाही, फक्त ठेका मोडतो. हा शब्द मिसिसिपीला, मिसुरीला, मेकाँगला एवढा चिकटण्यात ‘म’च्या अनुप्रासाचा वाटा मोठा आहे. भाषणात, पर्यटनाच्या माहितीपत्रकात, माहितीपटात, क्रीडावार्तांकनात तो चालतो. परीक्षेच्या उत्तरात, पाण्याच्या मोजमापात, पुराच्या सरकारी टिपणात नको. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीतही तो आता बराच घासून गुळगुळीत झालाय. निम्म्या वेळा लिहिणाऱ्याने तो विचार न करता टाकलेला असतो. असा रिकामा ‘मायटी’ भेटला की मी तो खुशाल गाळते. पानात एक विशेषण कमी झाल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

अमेरिकी बोलीतला एक सापळाही लक्षात ठेवा. ‘दॅट्स अ मायटी वाइड रिव्हर’ या वाक्यात ‘मायटी’ नदीचा नाहीच. तो ‘वाइड’चा चाकर आहे: ‘भलतीच रुंद नदी आहे ही’. मध्ये स्वल्पविराम असता तर गोष्ट वेगळी. ‘मायटी गुड’, ‘मायटी काइंड’ ही याच घरातली, आणि त्यांचा बळाशी काही संबंध उरलेला नाही. ‘हाय अँड मायटी’ म्हणजे तर सरळ तोरा मिरवणारा माणूस. याशिवाय थट्टाही असते. उन्हाळ्यात आटलेल्या ओहोळाकडे बोट दाखवून इंग्रज ‘द मायटी सो-अँड-सो’ म्हणतो. तिथे ‘विशाल’ लिहिलंत तर विनोद मेला. ‘ही आमची महानदी!’ म्हणा, उद्गारचिन्हासकट.

आता नावांकडे येते. मिसिसिपी हे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या ओजिब्वे भाषेतलं नाव, फ्रेंचांच्या तोंडून पुढे आलेलं. ‘मिसि’ म्हणजे मोठी, ‘झीबी’ म्हणजे नदी. म्हणजे ‘द मायटी मिसिसिपी रिव्हर’चा शब्दशः अर्थ ‘बलवान मोठी-नदी नदी’. जगभर हेच चाललंय. ‘रिओ ग्रान्दे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये मोठी नदी, तिला इंग्रजीत ‘रिओ ग्रँड रिव्हर’ म्हणणारे आहेतच. स्पेनमधली ग्वादलकिविर मूळची अरबी ‘वादी अल-कबीर’, अर्थ पुन्हा तोच. चिनी लोक यांगत्सेला ‘छांग च्यांग’ म्हणतात, म्हणजे लांब नदी. हसू नका, ‘महानदी नदीला पूर’ ही बातमी आपणही वाचतो. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला नदी एकच असते, त्यामुळे तो तिला ‘मोठी नदी’ एवढंच म्हणतो. विशेषण पुढे बाहेरून आलेले लावतात.

मिसिसिपीच्या नावाचा एक चुकीचा अर्थही फार गाजला: ‘फादर ऑफ वॉटर्स’, पाण्यांचा पिता. ओजिब्वे नावात पिता कुठेच नाही, पण शब्द इतका भारदस्त की तो टिकला. अमेरिकेच्या यादवी युद्धात ४ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या बंडखोरांचं नदीकाठचं विक्सबर्ग पडलं, पाठोपाठ पोर्ट हडसन पडलं आणि नदी पुन्हा मुखापर्यंत लिंकनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या ताब्यात आली. त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या एका पत्रात लिंकनने लिहिलं की, ‘द फादर ऑफ वॉटर्स अगेन गोज अनव्हेक्स्ड टु द सी.’ हे वाक्य मराठीत आणताना भाषांतरकाराची खरी पंचाईत होते. नदी आपल्याकडे बाई. ती आई होईल, माय होईल, बहीण होईल. तिला बाप कसं म्हणायचं? इंग्रजीत अडचण नाही, तिथे नदीला व्याकरणाचं लिंगच नाही. म्हणून थेम्स ‘ओल्ड फादर’ होऊ शकते आणि रशियन व्होल्गा ‘मदर’. थाई भाषेत तर नदीला शब्दच ‘मे नाम’, शब्दशः आई-पाणी. मेकाँगमधला ‘मे’ तोच.

पण आपल्याकडे एक जुना शब्द पडून आहे आणि तो इथे मदतीला येतो: नद. ब्रह्मपुत्र आणि शोण यांना परंपरेने नदी म्हणत नाहीत, ते नद. पुल्लिंगी. ‘नद’ म्हटल्याबरोबर आकार, वेग आणि थोडी दहशत असं तिन्ही येतं, वेगळं विशेषण लागत नाही. लिंकनचं वाक्य मी असं करेन: ‘तो जलपिता पुन्हा निर्वेध सागराकडे निघाला आहे.’ आणि आधीच्या ओळीत मिसिसिपीला एकदा ‘महानद’ म्हणून ठेवेन, म्हणजे ‘तो’ दचकवणार नाही. रोजच्या बातमीत ‘नद’ वापरू नये, पुस्तकी वाटेल. पण जिथे इंग्रजी मजकूरच टोपी काढून नदीला नमस्कार करतोय, तिथे हा शब्द चपखल बसतो.

‘मायटी रिव्हर’ची एक धाकटी बहीण आहे, ‘मायटी स्ट्रीम’. मार्टिन ल्युथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला केलेल्या भाषणात न्याय पाण्यासारखा वाहो आणि सदाचार ‘लाइक अ मायटी स्ट्रीम’ वाहो, असं म्हटलं. ही प्रतिमा बायबलातल्या आमोस संदेष्ट्याची, पाचव्या अध्यायातली, आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही ‘मायटी स्ट्रीम’च आहे. आता गंमत बघा. ‘स्ट्रीम’ म्हणजे तर ओढा, लहान प्रवाह. तो ‘मायटी’ कसा? मूळ हिब्रू शब्दाचा रोख आहे न आटणाऱ्या ओढ्याकडे. कोरड्या मुलखात बहुतेक ओढे पावसापुरते वाहतात आणि मग खडखडाट. जो उन्हाळ्यातही वाहतो, त्याचं सामर्थ्य ते. म्हणूनच पुढच्या अनेक इंग्रजी भाषांतरांनी ‘मायटी’ सोडून ‘कधी न आटणारा’ अशा अर्थाचे शब्द घेतले. आपल्याकडे यासाठी शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आहे, बारमाही. ‘बारमाही झऱ्यासारखा सदाचार’ ही ओळ मला ‘शक्तिशाली प्रवाहासारखा सदाचार’ पेक्षा शंभर पटींनी आवडते. किंगच्या भाषणाच्या गर्जनेला ती थोडी सौम्य पडते, हे कबूल. त्या भाषणापुरता मी ‘लोंढा’ शब्द उचलेन.

म्हणजे एका ‘मायटी’ला मराठीत एक ठरलेला शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. मी आधी बघते, या वाक्यात नदी काय करते आहे. अंगावर येत असेल तर लोंढा, रोंरावणं, काठ गिळणं. भरून चालली असेल तर ‘दुथडी भरून’. याहून चांगलं ‘मायटी’ मराठीत शोधून सापडणार नाही. रुंदीने दडपत असेल तर ‘पैलतीर दिसत नाही’. शांत राहून दबदबा दाखवत असेल तर धीरगंभीर. यातलं बरंचसं विशेषण नाहीच, क्रियापद किंवा अख्खं वाक्य आहे, आणि ते तसंच असू द्या. इंग्रजी आपली ताकद नावाआधी बांधते, मराठी ती वाक्याच्या शेवटी क्रियापदात ठेवते. फक्त ‘खळाळती’ लिहू नका. खळाळतो तो ओढा, दगडगोट्यांवरून. मोठं पाणी खळाळत नाही.

शेवटी एक पाटी. मिनेसोटा राज्यात इटास्का नावाच्या तळ्यातून मिसिसिपी निघते. तळ्याच्या तोंडाशी दगडांची ओळ आहे, माणसं तिच्यावरून तोल सावरत नदी ओलांडतात. रुंदी सहा मीटरच्या आसपास, पाणी गुडघ्याच्या आत. हीच नदी पुढे न्यू ऑर्लीन्सला साठ मीटरपर्यंत खोल जाते, आणि १९२७ साली तिने सत्तर हजार चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली घातला होता. त्या दगडांशेजारी एक लाकडी ओंडका उभा करून ठेवलाय, त्यावर अक्षरं कोरली आहेत. मजकुराचा आशय असा की, समुद्रसपाटीपासून १४७५ फुटांवर इथून ‘द मायटी मिसिसिपी’ निघते आणि वळणावळणाने २५५२ मैलांवरच्या मेक्सिकोच्या आखाताला जाते. हा मैलांचा आकडा आज बहुतेक ठिकाणी २३४० दिसतो. नदी आपली वळणं स्वतः मोडते, माणसंही ती कापतात, मोजण्याच्या रीती बदलतात. भाषांतरात ओंडक्यावरचा आकडा तसाच ठेवायचा.

आणि ‘मायटी’? इथे लोंढा नाही, दुथडी नाही, पैलतीर तर हाताच्या अंतरावर. तरी तो गाळता येत नाही, कारण त्या पाटीची सगळी मजा त्याच शब्दात आहे. मी असं लिहीन: ‘समुद्रसपाटीपासून १४७५ फुटांवर, इथून महानद मिसिसिपी मेक्सिकोच्या आखाताकडे आपल्या २५५२ मैलांच्या नागमोडी वाटेला लागतो.’ गुडघाभरही नसलेल्या पाण्यात उभं राहून ‘महानद’ वाचणारा मराठी माणूस हसेल. इंग्रजी वाचणाराही तिथे हसतोच.